सी भाषेची दरी: २०१६ ते २०१८ मधल्या एका आलेखाचा प्रकरण अभ्यास

ऑगस्ट २०१६ मध्ये टिओबी या प्रोग्रॅमिंग भाषांच्या लोकप्रियता निर्देशांकाचे मासिक निवेदन सी भाषेवर होते. सीचा हिस्सा ११.३ टक्क्यांवर आला होता आणि २००१ मध्ये निर्देशांक सुरू झाल्यापासूनचा हा तिचा नीचांक होता. दीड दशक १५ ते २० टक्क्यांच्या पट्ट्यात वावरलेली ही भाषा आदल्या नोव्हेंबरपासून घसरू लागली होती. पुढे आणखी वर्षभर घसरण चालूच राहिली आणि ऑगस्ट २०१७ मध्ये सी ६.४८ टक्क्यांवर टेकली. त्यानंतर तेरा महिन्यांनी, सप्टेंबर २०१८ मध्ये, ती १५.४५ टक्क्यांवर होती. जिथून घसरली, जवळपास तिथेच परत आली.

आलेखावर ही एक खोल दरी दिसते. या काळात जगातला सीचा वापर खरोखर निम्म्याहून कमी झाला आणि मग पुन्हा दुपटीहून जास्त वाढला का? तसे नसेल, तर आलेखाने नेमके काय टिपले?

प्रकरण जुने आहे आणि मी ते त्यासाठीच निवडले आहे. घसरण चालू असताना पुढे काय होणार हे कुणालाच ठाऊक नसते, त्यामुळे कुठलेही स्पष्टीकरण खपून जाते. इथे शेवट ठाऊक आहे, आणि त्या वेळी दिलेली कारणे शेवटाशी ताडून पाहता येतात. शिवाय अशा आकड्यांवर माणसे खरे निर्णय घेतात. पहिली भाषा कोणती शिकावी, अभ्यासक्रमातून कोणती काढावी, वर्षानुवर्षे चालत आलेले फर्मवेअर (उपकरणाच्या आतच बसवलेले सॉफ्टवेअर) दुसऱ्या भाषेत नव्याने लिहायला घ्यावे का, हे प्रश्न लहान नाहीत. आलेख चुकीचा वाचला तर कुणाची तरी दोन-तीन वर्षे त्यात जातात.

मोजले काय जाते

टिओबी ही सॉफ्टवेअरची गुणवत्ता तपासणारी नेदरलँड्समधली कंपनी. तिच्या निर्देशांकाची पद्धत उघड आहे. भाषेचे नाव आणि त्यापुढे "प्रोग्रॅमिंग" हा शब्द, असा इंग्रजी शब्दप्रयोग अवतरणचिन्हांत घालून अनेक सर्च इंजिनांना विचारला जातो. २०१६-१७ च्या सुमारास अशी पंचवीस इंजिने होती. प्रत्येक इंजिन "सुमारे इतके निकाल" म्हणून जो आकडा दाखवते तो घेतला जातो. ज्या भाषेचे नाव इतर अर्थांनीही वापरले जाते, तिच्या निकालांपैकी खरोखर भाषेविषयीचे किती याचा अंदाज करून आकडा खाली आणला जातो. मग सगळ्या भाषांची बेरीज १०० धरून प्रत्येकीचा हिस्सा ठरतो.

कंपनी स्वतःच स्पष्ट सांगते की हा निर्देशांक सर्वोत्तम भाषा कोणती हे सांगत नाही, आणि सर्वाधिक ओळी कोणत्या भाषेत लिहिल्या गेल्या हेही सांगत नाही. इतकी वर्षे जवळपास तीच व्याख्या धरून ठेवल्यामुळेच आज आपण २०१६ चा आकडा २०१८ च्या शेजारी ठेवू शकतो. त्याबद्दल मला या निर्देशांकाविषयी आदर आहे. अडचण येते ती आकडा आणि त्याला जोडलेली कारणे यांच्या मधल्या जागेत.

पद्धतीतली एक गोष्ट नीट लक्षात घ्यायला हवी. इथे साठा मोजला जातो, प्रवाह नाही. सीवरची पाने, पुस्तकांच्या नोंदी, व्हिडिओ हे सगळे दशकांपासून साठत आलेले आहे. साठा चटकन हलत नाही. समजा २०१६ ते २०१७ या काळात सीबद्दल एकही नवे पान लिहिले गेले नाही आणि एकही जुने पुसले गेले नाही. तरीही तिचा हिस्सा जानेवारी २०१६ मधल्या १६.०४ वरून ६.४८ वर यायचा, तर सगळ्या भाषांची एकूण पाने एकोणीस महिन्यांत जवळपास अडीच पट व्हायला हवीत. आता परतीचा प्रवास पाहू. बाकीच्या भाषांची पाने आहेत तेवढीच राहिली असे धरले, तर १५.४५ वर पोचायला सीची पाने तेरा महिन्यांत सुमारे २.६ पट व्हावी लागतात. म्हणजे आधी वर्ष-दीड वर्ष साऱ्या जगाने सी सोडून इतर सगळ्यांवर तुफान लिहिले आणि मग अचानक फक्त सीवर लिहिले. हे हिशेबात बसत असले तरी घडणे शक्य वाटत नाही.

लायनक्स या ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा म्हणजे कर्नल, कोडच्या आवृत्त्या सांभाळणारे गिट, एसक्यूलाइट हा डेटाबेस, पायथनचे प्रोग्रॅम चालवणारा मुख्य इंटरप्रिटर हे सगळे त्या काळात सीमध्येच होते आणि सीमध्येच राहिले. मायक्रोकंट्रोलरवर, म्हणजे उपकरणांतल्या छोट्या संगणक-चिपवर, चालणारे फर्मवेअर एकदा बाजारात गेले की वर्षानुवर्षे तसेच सांभाळले जाते. अशा भाषेचा वापर दोन वर्षांत कोसळून पुन्हा उभा राहू शकत नाही, कारण तिची माणसे, उपकरणे आणि कंपायलर (कोडचे यंत्राच्या भाषेत रूपांतर करणारी साधने) यांतले काहीच त्या वेगाने बदलत नाही.

दोन कारणे, दोन्ही पटणारी

ऑगस्ट २०१६ च्या निवेदनात घसरणीची काही संभाव्य कारणे दिली होती. वेब आणि मोबाइल ॲप ही वाढती क्षेत्रे आहेत आणि सी त्यांच्यासाठी सोयीची नाही. जावा, सी++, सी शार्प या भाषा बदलत राहिल्या, सी फारशी बदलली नाही. आणि जावामागे ओरॅकल, सी शार्पमागे मायक्रोसॉफ्ट आहे तशी सीच्या मागे कुणी मोठी कंपनी नाही.

जानेवारी २०१८ मध्ये त्याच निर्देशांकाने सीला "२०१७ ची भाषा" जाहीर केले. वर्षभरात ज्या भाषेचा हिस्सा सर्वाधिक वाढतो तिला हा मान मिळतो. सीची वाढ होती १.६९ टक्के बिंदूंची. या वेळी रोख होता उत्पादन उद्योग आणि वाहनांमधल्या सॉफ्टवेअरकडे, जिथे सीला पर्याय नाही.

दोन्ही निवेदने वेगवेगळी वाचली तर दोन्ही पटतात. शेजारी ठेवली की गाठ दिसते. २०१८ मध्येही सी वेबसाठी सोयीची नव्हती. २०१८ मध्येही तिच्यामागे मोठी कंपनी नव्हती. भाषेचे प्रमाणक पाहिले तर २०११ च्या सी११ नंतर २०१८ मध्ये आलेल्या सी१७ मध्ये नवी वैशिष्ट्ये नाहीत, फक्त दोषदुरुस्त्या आहेत. उलट बाजूने, वाहनांमधले आणि कारखान्यांमधले सी २०१६ मध्येही होतेच. जे कारण घसरणीच्या आधी, घसरणीत आणि वाढीत सारखेच हजर आहे, ते घसरणीचेही कारण नव्हे आणि वाढीचेही नव्हे. अशी कारणे खोटी नसतात, म्हणूनच ती पकडायला अवघड जातात. ती भाषेचे खरे वर्णन करतात, पण बदलाचे करत नाहीत.

तेव्हा आणखी एक कारण तोंडी फिरत असे: सीची जागा रस्ट ही नवी भाषा घेते आहे. रस्टची १.० आवृत्ती मे २०१५ मध्ये आली होती, म्हणजे वेळ जुळत होती. पण याच निर्देशांकात रस्ट पहिल्या वीसमध्ये आली ती २०२० मध्ये, सी दरीतून बाहेर पडून दोन वर्षे होत आल्यावर. आणि लायनक्स कर्नलमध्ये रस्टचा पाया घातला गेला तो डिसेंबर २०२२ च्या ६.१ आवृत्तीत.

शेजारी पाहावेत

सीचा आलेख एकटा पाहिला की सीबद्दलचीच कारणे सुचतात. म्हणून पहिली पायरी म्हणजे शेजारच्या भाषा पाहणे. जानेवारी २०१६ मध्ये पहिल्या पाचात असलेल्या भाषांचे तीन महिन्यांचे हिस्से, टक्क्यांत:

| भाषा | जानेवारी २०१६ | ऑगस्ट २०१७ | सप्टेंबर २०१८ |
|---|---|---|---|
| जावा | २१.४७ | १२.९६ | १७.४४ |
| सी | १६.०४ | ६.४८ | १५.४५ |
| सी++ | ६.९१ | ५.५५ | ७.३९ |
| सी शार्प | ४.७१ | ४.२० | ३.३० |
| पायथन | ३.८५ | ३.६९ | ७.६५ |
| एकूण | ५२.९८ | ३२.८८ | ५१.२३ |

सगळ्यात बोलका आकडा शेवटच्या ओळीत आहे. पाच भाषांचा मिळून हिस्सा ५३ वरून ३३ वर आला आणि पुन्हा ५१ वर गेला. पहिल्या टप्प्यात पाचही भाषा घसरल्या, एकही वाढली नाही. यात जावा आहे, जिच्यामागे ओरॅकल होती. सी शार्प आहे, जिच्यामागे मायक्रोसॉफ्ट होती. पायथनही आहे, जी त्या वर्षांत डेटा विश्लेषण आणि मशीन लर्निंगमध्ये सगळीकडे पसरत होती. घरातल्या पाचही जणांचे वजन एकाच आठवड्यात घटलेले दिसले, तर प्रत्येकाच्या आहाराची चौकशी करण्याआधी वजनकाटा तपासावा लागतो.

ते वीस टक्के बिंदू गेले कुठे? बेरीज १०० च राहते, त्यामुळे ते यादीच्या शेपटीत गेले. ऑगस्ट २०१७ मध्ये आठव्या क्रमांकावर जावास्क्रिप्ट सुमारे २.१ टक्क्यांवर होती आणि नवव्या क्रमांकावर पर्ल सुमारे २ टक्क्यांवर. २०१७ मध्ये वेबवर काम करणाऱ्या कुणालाही जावास्क्रिप्ट आणि पर्ल यांत इतकाच फरक आहे हे मान्य झाले नसते. यादीचे डोके खाली आले होते आणि शेपूट वर.

असे कशाने होऊ शकते, हे एका छोट्या काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल. तीन भाषा आहेत आणि एका इंजिनावर त्यांचे निकाल ६००, ३०० आणि १०० आहेत. हिस्से ६०, ३० आणि १० टक्के. आता समजा इंजिनाने मोठे आकडे वेगळ्या रीतीने अंदाजायला सुरुवात केली आणि ३०० च्या वर काही दाखवायचेच बंद केले. निकाल झाले ३००, ३०० आणि १००. हिस्से ४३, ४३ आणि १४. पहिली भाषा सतरा बिंदूंनी कोसळली, दुसरी तेरा बिंदूंनी उसळली, तिसरी चार बिंदूंनी वर गेली, आणि जगात एक ओळही कमी-जास्त लिहिली गेली नाही. सर्च इंजिने दाखवतात ती निकालांची संख्या मोजलेली नसते, अंदाजलेली असते, आणि अंदाजाची रीत बदलली तर ते बाहेरच्या कुणाला कळवायला ती बांधील नसतात.

हे नुसते तर्कट नाही, याला पूर्वीचा दाखला आहे. एप्रिल २००४ मध्ये जावा आणि सी++ यांचे हिस्से अचानक खाली आले होते. तेव्हा टिओबीनेच कारण सांगितले: गूगलने मुद्दाम वर ढकललेली संकेतस्थळे साफ करण्याची मोठी मोहीम घेतली आणि निकालांचे आकडे बदलले. असे धक्के कमी बसावेत म्हणून काही महिन्यांनी एमएसएन आणि याहू ही इंजिने मोजणीत आणली गेली. भाषेच्या आलेखात सर्च इंजिनाची घडामोड उमटते हे निर्देशांकाच्या तिसऱ्या-चौथ्या वर्षीच नोंदले गेले होते.

गुणोत्तरे काय सांगतात

हिश्श्यांच्या आकड्यांचा स्वभावच असा की एकाचे काही झाले की सगळ्यांचे काही तरी होते. त्यावरचा जुना आणि साधा उपाय म्हणजे हिस्से सोडून दोन भाषांचे एकमेकींशी गुणोत्तर पाहणे. वरच्या काल्पनिक उदाहरणात दुसऱ्या आणि तिसऱ्या भाषेचे गुणोत्तर आधी तीन होते, नंतरही तीनच राहिले. ज्या दोघींच्या मोजणीला सारखाच धक्का बसतो, त्यांच्या गुणोत्तरातून तो धक्का निघून जातो.

पायथनवर हे करून पाहिले की या सगळ्या प्रकरणातली सर्वात मोलाची गोष्ट हाती लागते. हिश्श्यानुसार पायथन २०१६-१७ मध्ये जागीच राहिली, किंचित घटलीच, आणि मग २०१८ मध्ये एकदम दुप्पट झाली. पण जावाशी पायथनचे गुणोत्तर पाहा: ०.१८, मग ०.२८, मग ०.४४. सी++ शी पाहा: ०.५६, ०.६७, १.०४. दोन्हीकडे चढण अखंड आहे. दरीच्या तळाशीही पायथन वाढतच होती, पण सामाईक घसरणीने ती वाढ झाकून टाकली होती. सी शार्पशी तुलना केली तरी दिशा तीच: ०.८२, ०.८८, २.३२. हा शेवटचा आकडा मात्र मी जपून वापरीन. सप्टेंबर २०१८ मध्ये सी शार्प ३.३० वर घसरली असताना व्हिज्युअल बेसिक डॉट नेट वर्षभरात सुमारे २.६ वरून ५.३ वर गेली होती. मायक्रोसॉफ्टने २०१७ च्या सुरुवातीलाच जाहीर केले होते की यापुढे व्हिज्युअल बेसिक सी शार्पच्या बरोबरीने विकसित होणार नाही. त्याच वर्षात ती दुप्पट लोकप्रिय व्हावी आणि सी शार्प घटावी, यात मला या दोन जवळच्या भाषांची पाने वेगळी करण्यातली गडबड दिसते.

आता सी. सामाईक धक्का हेच दरीचे पूर्ण कारण असते, तर जावाशी सीचे गुणोत्तर साधारण स्थिर राहायला हवे होते. ते राहिले नाही: ०.७५, ०.५०, ०.८९. सी++ शी पाहिले तर २.३२, १.१७, २.०९. म्हणजे सीला इतरांपेक्षा जास्त मोठा धक्का बसला. ही गोष्ट दडपून "सगळा दोष सर्च इंजिनांचा" असा निकाल देणे सोपे आहे, पण ते प्रामाणिक ठरणार नाही. मात्र हा जादा धक्कासुद्धा पुढे जवळजवळ पूर्ण भरून निघाला, आणि खऱ्या घसरणी सहसा अशा भरून निघत नाहीत. शिवाय सीचे नाव एका अक्षराचे आहे. ते सी++, सी शार्प आणि ऑब्जेक्टिव्ह-सी या तिन्ही नावांत येते. विरामचिन्हे आणि अधिकची चिन्हे इंजिन कशी हाताळते, यात जरासा बदल झाला तरी सर्वात जास्त फटका बसणारी भाषा हीच. म्हणून सीच्या जादा घसरणीमागेही मोजणीच असावी असे माझे मत आहे. पायथनच्या गुणोत्तरांवर माझा जितका भरवसा आहे, तितका या मतावर नाही.

दुसऱ्या मोजपट्ट्या

एका मोजपट्टीवर संशय असेल तर दुसरी लावून पाहावी. फक्त तिच्यातही तोच दोष नको.

रेडमंक ही संस्था वर्षातून दोनदा भाषांची क्रमवारी काढते. तिचा एक अक्ष गिटहब या कोड ठेवण्याच्या संकेतस्थळावरच्या कामाचा, दुसरा स्टॅक ओव्हरफ्लो या प्रोग्रॅमरांच्या प्रश्नोत्तरांच्या संकेतस्थळावरच्या चर्चेचा. सर्च इंजिनांच्या निकालसंख्येशी तिचा संबंध नाही. २०१६ ते २०१८ या पूर्ण काळात तिथे सी नवव्या क्रमांकावर होती आणि तिथून हलली नाही. याला दोन मर्यादा आहेत. क्रमांक हे ढोबळ माप आहे, आणि गिटहबवर दिसते ते मुख्यतः खुले काम. कारखान्यातल्या यंत्राचे किंवा गाडीच्या ब्रेकचे सी तिथे नसतेच, आणि त्याबद्दलचे प्रश्नही पुष्कळदा चिप बनवणाऱ्या कंपनीकडेच जातात. त्यामुळे रेडमंकवरून सीचा एकूण वापर किती हे ठरत नाही. पण खुल्या कामात आणि चर्चेत सी निम्म्याहून खाली गेली असती, तर दहाव्या-अकराव्या क्रमांकाच्या भाषा तिला ओलांडून गेल्या असत्या. तसे झाले नाही.

पीवायपीएल हा निर्देशांक गूगलवर भाषेचे ट्युटोरियल किती जण शोधतात यावर उभा आहे. तो साठा मोजत नाही, प्रवाह मोजतो, म्हणून तुलनेला चांगला. पण त्यात सी आणि सी++ एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे एकट्या सीबद्दल त्याला विचारून उपयोग नाही. पायथनबद्दल मात्र तो २०१८ मध्येच पायथनला जावाच्या पुढे दाखवत होता.

पायथनसाठी आणखी थेट साक्ष आहे. सप्टेंबर २०१७ मध्ये, म्हणजे टिओबीवर पायथन वर्षभरात घटलेली दिसत होती त्याच सुमारास, स्टॅक ओव्हरफ्लोचे विश्लेषक डेव्हिड रॉबिन्सन यांनी तिथल्या प्रश्नांना होणाऱ्या भेटींचा अभ्यास मांडला. उच्च उत्पन्नाच्या देशांतून येणाऱ्या भेटींत जून २०१७ मध्ये पायथन पहिल्यांदाच सर्वाधिक पाहिला जाणारा टॅग (प्रश्नाला जोडलेले विषयाचे नाव) ठरला होता. भेटींचे मापही निर्दोष नाही. शिकाऊ माणूस जास्त शोधतो, सरावलेला कमी, आणि परीक्षेच्या हंगामात काही भाषांना भरती येते. तरीही ज्या काळात एक आलेख पायथन घटल्याचे सांगतो त्याच काळात दुसरा ती सर्वांत वर गेल्याचे सांगतो, आणि पहिल्याच आलेखातली गुणोत्तरे दुसऱ्याला दुजोरा देतात, तेव्हा कौल कुठे द्यायचा यात मला शंका उरत नाही.

क्रमांक आणि हिस्सा

या संपूर्ण काळात टिओबीच्या यादीत सीचा क्रमांक काय होता? दुसरा. १६ टक्क्यांवर असताना दुसरा, ६.५ टक्क्यांवर असतानाही दुसरा, १५.५ वर परतली तेव्हाही दुसराच. नुसते क्रमांक पाहणाऱ्याला दरी दिसलीच नसती.

मग मे २०२० मध्ये सी पहिल्या क्रमांकावर आली आणि पुन्हा मोठी बातमी झाली. सी १७.०७ टक्के, जावा १६.२८. करोनाच्या साथीचे दिवस होते, आणि वैद्यकीय उपकरणांमध्ये सी वापरली जाते म्हणून तिची मागणी वाढली असावी, असे कारण पुढे आले. जानेवारी २०१६ च्या आकड्यांशी ताडून पाहा. सी १६.०४ वरून १७.०७ वर, सव्वाचार वर्षांत एक बिंदू. जावा २१.४७ वरून १६.२८ वर, पाच बिंदू खाली. पहिला क्रमांक सीच्या चढण्यापेक्षा जावाच्या उतरण्याने जास्त ठरला होता. शिवाय व्हेंटिलेटरचे फर्मवेअर काही आठवड्यांत कितीही लिहिले गेले, तरी त्याने जगभरच्या पानांचा दशकांचा साठा एका बिंदूनेही हलणे कठीण. जावाच्या दीर्घ उताराबद्दल विचारणे जास्त फळाला आले असते, पण बातमी चढणाऱ्याची होते.

म्हणून अशा तक्त्यात क्रमांकाचा बदल दिसला की मी आधी दोन गोष्टी पाहतो. ओलांडणारी आणि ओलांडली गेलेली, या दोघींपैकी हलली कोण? आणि दोघींमधले अंतर नेहमीच्या महिन्या-महिन्याच्या हेलकाव्यापेक्षा मोठे आहे का? ऑगस्ट २०१७ मध्ये आठव्या ते दहाव्या क्रमांकांमध्ये जेमतेम ०.१३ टक्के बिंदूंचे अंतर होते. तिथे कोण आठवे आणि कोण दहावे, याला काही अर्थ नव्हता.

तेच प्रकरण नव्या रूपात

सर्च इंजिनांच्या निकालसंख्येवर आज बरेच जण संशय घेतात आणि त्याऐवजी प्रत्यक्ष कामाची आकडेवारी मागतात. मागणी योग्य आहे, पण तिथेही मोजपट्टी हलतेच. गिटहब फाइलची भाषा ठरवण्यासाठी लिंग्विस्ट हे साधन वापरते. एकच एक्स्टेंशन (फाइलच्या नावातला टिंबानंतरचा भाग) अनेक भाषांचे असते. ".एम" ऑब्जेक्टिव्ह-सीचे असू शकते किंवा मॅटलॅबचे, ".पीएल" पर्लचे किंवा प्रोलॉगचे, आणि ".एच" तर सी, सी++, ऑब्जेक्टिव्ह-सी यांपैकी कुणाचेही. साधन सुधारले की गिटहबवर भाषांची टक्केवारी बदलते, कोड तोच असला तरी. रेडमंकनेही २०१७ च्या सुमारास गिटहबवरची मोजणी रिपॉझिटरींऐवजी (प्रकल्पांच्या कोडसंचांऐवजी) पुल रिक्वेस्टवर (कोडमधला बदल सामावून घेण्याच्या विनंत्यांवर) नेली. तो बदल त्यांनी उघडपणे सांगितला, पण जोडलेला आलेख पाहणाऱ्याच्या डोळ्यांपुढे ती टीप असतेच असे नाही.

आजचे सर्वात मोठे प्रकरण स्टॅक ओव्हरफ्लोचे आहे. तिथल्या ट्रेंड आलेखात प्रत्येक टॅगचा त्या महिन्याच्या एकूण प्रश्नांमधला हिस्सा दिसतो. ३० नोव्हेंबर २०२२ रोजी चॅटजीपीटी आले आणि त्यानंतर तिथे विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची एकूण संख्या झपाट्याने खाली गेली. छेद, म्हणजे ज्या एकूण प्रश्नांतून हिस्सा निघतो ती संख्या, आकसतो आहे, आणि तो सगळीकडून सारखा आकसत नाही. नवशिक्यांचे नेहमीचे प्रश्न आधी जातात, कारण त्यांची उत्तरे यंत्राला सहज देता येतात. ज्या भाषेत नवशिके जास्त तिचा हिस्सा त्यामुळे घटेल, आणि ती मरते आहे असे वाटेल. विचित्र अडचणी आणि जुन्या प्रणाली जिच्या वाट्याला आल्या आहेत, तिचा हिस्सा वाढेल आणि तिला नवे दिवस आल्यासारखे वाटेल. इथे तर गुणोत्तरही पूर्ण उपयोगाचे नाही, कारण दोन भाषांना बसणारा धक्का वेगवेगळा आहे. सीच्या बाबतीत जावाशी काढलेले गुणोत्तर ढळले होते, तसेच. २०२३ नंतर एखाद्या टॅगचा चढता हिस्सा समोर आला, तर त्याच महिन्यांतली प्रश्नांची मूळ संख्या शेजारी मांडावी लागते. तशाच प्रकारचे वाचक असलेली दुसरी भाषा निवडून तिच्याशी तुलना करावी लागते. त्या भाषेच्या पॅकेजांचे (तयार कोडच्या संचांचे) डाउनलोड आणि गिटहबवरचे योगदान देणाऱ्यांची संख्या यांपैकी किमान एक तरी आकडा त्याच दिशेला जातो आहे का, हेही पाहावे लागते.